सगळ्या नापास

कोंडाकाकूंनी पेन बाजूला सारलं आणि साक्षरता वर्गाच्या उत्तरपत्रिकेवर शाईचा अंगठा उमटवला.

"काकू, गाव पूर्ण साक्षर झाल्याची पाटी रंगवून आणलीय," सरपंच कळवळले. "नुसती सही करा, पास करतो."

"न्हाई जमत, बाबा. म्हातारं डोस्कं."

त्यांच्यामागून सगळ्या बायकांनी अंगठे उमटवले, सरपंचांच्या बायकोनेही. सरपंच पाटी उचलून निघून गेले.

शिकवणारी मुलगी बघतच राहिली. "काल तर तुम्ही अर्धी गोष्ट घडाघडा वाचलीत!"

"गाव साक्षर झालं, की वर्ग बंद. मग संध्याकाळी आमाला घराबाहेर कोण सोडतंय?"

काकूंनी अंगठा पदराला पुसला, पुस्तकात कालचं पान काढलं आणि सरपंचांच्या बायकोला म्हणाल्या, "दार लोट गं. तुझ्या मालकाला ऐकू जाईल."