तिसरी ओढ

बस गड्या, रापणीची गोष्ट सांगतो. किनाऱ्यावरून जाळं ओढताना हुकूम कुणी देत नाही. जो तो शेजाऱ्याचा हात बघून दोर ओढतो.

बाबलच्या शेजारी जन्मभर त्याचा दमेकरी भाऊ, जानू. त्याला श्वास घेता यावा म्हणून बाबल दर तिसऱ्या ओढीला थांबायचा. जानू वारला, तरी बाबलचा हात थांबेच, आणि त्याच्यापायी सगळी रांग.

"मेलेल्यासाठी किती थांबशील रे? मासळी निसटते!" रापणीचा म्होरक्या, तांडेल, खेकसला. "सोड दोर."

बाबल वाळूत जाऊन बसला. रांगेनं एक ओढ घेतली, दुसरी घेतली, आणि तिसरीला सगळे हात आपसूक थांबले. तांडेलाचेही. त्यानं रडत्या बाबलला परत बोलावलं.

जानूची जागा रिकामीच आहे. उद्या तिथं तू उभा राहणार. तिसऱ्या ओढीला जरा थांब, बाबा.