अर्ध्या वाटणीचं दुखणं

गुडघा बदलून घरी आलेल्या कमलिनीबाई आज पहिल्यांदा व्यायाम करणार होत्या. त्यांचं अर्धं दुखणं आपल्याकडे घ्यायला नवऱ्याने, भालचंद्ररावांनी, दवाखान्यातून मिळालेला पट्टा स्वतःच्या गुडघ्याला बांधला.

कमलिनीबाईंनी पाय जरासा वाकवला आणि भालचंद्रराव कळवळून मटकन खुर्चीत बसले.

"अगं, थांब. फार दुखतंय."

"अहो, हे काहीच नाही. ऑपरेशनच्या आधी याच्या दुप्पट दुखायचं."

"गौरीजेवणाला सगळी पंगत वाकून वाकून तू एकटीने वाढलीस, तेव्हासुद्धा?"

"तेव्हासुद्धा."

आपण त्या पंगतीत बसून मठ्ठा पुन्हा मागितला होता, हे भालचंद्ररावांना आठवलं. त्यांनी पट्ट्यावरचं बटण 'अर्धं'वरून 'सगळं'वर फिरवलं आणि खुर्चीचे हात घट्ट धरले.

"वाकव आता," ते म्हणाले.