कोरडा उंबरा

पनवेलच्या खाडीकाठी जिथे पिढ्यान्‌पिढ्या गलबतं बांधली गेली, तिथे छप्पन्न साली भाताचं गोदाम उभं राहिलं. भरतीचं पाणी आत शिरू नये म्हणून तळाला आणि दाराला फळ्या ठोकायचं काम आनंदा मिस्त्रीकडे आलं. त्याचा सारा जन्म त्याच जागी गलबतं बांधण्यात गेलेला.

उद्घाटन आठवड्यावर आलं. तपासणीला आलेल्या कर्णिक इंजिनिअरांनी दाराची कडी काढली मात्र, आतलं गुडघाभर पाणी भसकन त्यांच्या बुटांवर आलं.

"मिस्त्री, भाताच्या गोदामात पाणी?" कर्णिक कडाडले.

"मीच भरलंय साहेब, खिडकीतून. दोन दिस झालं. नवं गलबत खाडीत लोटायच्या आधी आमी आत पाणी भरून बघतो. आतलं भायेर येत नाय, मंजे भायेरचं आत जानार नाय."

कर्णिकांना आठवलं, कडी काढेपर्यंत उंबऱ्याबाहेर कोरडी धूळ होती. त्यांनी तपासणीचा कागद काढला आणि तपासनीस म्हणून लिहिलेलं स्वतःचं नाव खोडलं.

"मिस्त्री, इथं सही तुमची."

"सही येत नाय साहेब. अंगठा चालंल?"

"तोच हवाय."