दहा ओळींत बाबा

"लिही, आठव्या वर्षी शाळेत दाखल," चहात खारी बुडवत बाबा म्हणाले. इंग्लंडमधली त्यांची निवासी शाळा माजी विद्यार्थ्यांचा चरित्रकोश छापणार होती. प्रत्येकाच्या वाट्याला दहा ओळी. ते सांगत होते, मी टाइप करत होते.

"पहिल्या रात्री रडलात?" मी विचारलं.

"सगळेच रडायचे. ते छापत नाहीत, वेडे! पुढे घाल, दोन्ही मुलं याच शाळेत शिकली."

मी घातलं. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा झोपेतच गेले.

तेराव्याच्या जेवणानंतर धाकट्या भावानं त्या दहा ओळी सगळ्यांना वाचून दाखवल्या. काकांचे डोळे भरून आले. भावाची सात वर्षांची इरा माझ्या मांडीवर बसून ऐकत होती.

"ताई, पुढच्या वर्षी हिलाही तिथंच पाठवतोय," तो म्हणाला. "बाबांची फार इच्छा होती. आपली तिसरी पिढी!"

"नको पाठवूस," मी म्हणाले. सगळे माझ्याकडे बघू लागले. "बाबा मला तिथं सोडून आले, त्याबद्दल मी त्यांना कधीच माफ केलेलं नाही."