सतरा नंबरची तबकडी

“आप्पा, ह्यातली सतरा नंबरची कुटली?”

ऋतुजा बांधावरूनच ओरडली. सोलापूरहून मिळेल ती गाडी पकडून ती जेऊरला उतरली होती आणि स्टेशनापासून शेतातल्या वस्तीपर्यंत जवळजवळ पळतच आली होती. समोर हुरड्याला आलेली ज्वारी आणि ज्वारीवर सुतळीला टांगलेल्या चकचकीत तबकड्या. वारा आला की त्या गरगर फिरत आणि पाखरं भिऊन शेजारच्या रानात जात. शेजाऱ्याचा त्यामुळे ऋतुजाच्या संशोधनावर राग होता.

तबकड्या तिच्याच होत्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत चार वर्षं घालवून तिनं त्या चाळीस तबकड्या बनवल्या होत्या. आत जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियमचा केसाहून कितीतरी पातळ थर. लेझरनं त्याचा एक ठिपका वितळवून झटकन गार केला की तो मंद होतो, म्हणजे लिहिलं गेलं. तोच ठिपका हळूहळू तापवला की कण पुन्हा रांगेत बसतात, चमक परत येते, म्हणजे पुसलं गेलं. हजारदा लिहा, हजारदा पुसा. प्रश्न एकच होता. सोलापूरच्या उन्हाळ्यात लिहिलेलं टिकतं, की आपोआप पुसलं जातं?

ऋतुजानं चाळीस तबकड्यांवर लिहिलं, त्या भट्टीत तापवल्या आणि चमक मोजणाऱ्या यंत्रापुढे धरल्या. यंत्रानं एकोणचाळीस नापास केल्या. सगळ्या चकचकीत, सगळ्यांवरचं पुसलेलं. पास झाली ती एकटी सतरा नंबरची. ती तपासली त्या दिवशी पुण्याहून आलेला यंत्राचा दुरुस्तीवाला तिथंच बसून होता, त्यामुळे पेढा त्यालाही मिळाला.

नापास झालेल्या तबकड्या ती दर खेपेला वडिलांसाठी घरी आणायची. निदान पाखरं तरी हाकलली जातील. पंधरवड्यापूर्वी मुकुंद सरांनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांनी, पाहुणे येणार म्हणून कपाट आवरलं आणि कपाटातली पिशवी मोठ्या मायेनं तिच्या हातात दिली. “वडिलांना दे, उपयोगी पडतील.” त्या पिशवीत सतरा नंबरची होती, हे आज सकाळी कळलं. उद्या अकरा वाजता तोंडी परीक्षा. बाहेरच्या परीक्षकांनी पत्रातच लिहिलं होतं, ‘चाळिसात एक तबकडी टिकणे हा योगायोग वाटतो. तरी ती प्रत्यक्ष दाखवावी.’ योगायोग तर योगायोग, पण तोही आता ज्वारीत लटकत होता.

म्हाळसाबाई तांब्या घेऊन आल्या. तांब्यावर झाकण म्हणून तबकडीच होती. ऋतुजानं ती उलटसुलट करून पाहिली. नंबर नव्हता.

“आई, ह्याच्यावर शाईनं नंबर होता की गं!”

“व्हता की. जुन्या, नव्या, समद्या एका घमेल्यात घातल्या आन् राखंनं घासल्या. कशा लख्ख झाल्यात बग!” म्हाळसाबाई कौतुकानं म्हणाल्या.

ऋतुजा मटकन बांधावर बसली. एक तबकडी तपासायला यंत्राला अर्धा तास लागतो. चाळिसांना वीस तास. उद्या अकरापर्यंत तेवढे तास उरलेलेच नव्हते. चार वर्षं आईनं राखेनं घासून टाकली होती, आणि तिच्यावर रागावताही येत नव्हतं.

सिद्धाप्पा गोफण खांद्यावर टाकून जवळ आले. “एवडं काय हाय त्या सतरात?”

“लिवलेलं हाय, आप्पा. तुमी मेंढरांना हाळी देता ना, तीच भरलीया मी. भरली तशी समद्यांत, पण टिकली एका सतरात. बाकीच्यांतली पुसून गेली.”

“मंग दिसायला काय फरक?”

“लिवलेली जरा मंद असती. पण आपल्या डोळ्याला न्हाय कळायचं.”

“आपल्या न्हाय कळायचं,” सिद्धाप्पा म्हणाले, “पर पाखरांना कळतंय की. मंद तबकडीला पाखरं भीत न्हाईत. वर बसून खुशाल कणसं टिपत्यात. ती म्या कवाच काडून टाकली. थांब, आणतो.”

ऋतुजाच्या जिवात जीव आला. सिद्धाप्पा घरात गेले. आत माठ वाजला, दुधाचं पातेलं वाजलं, लोणच्याची बरणी सरकली. ते दुरडी घेऊन बाहेर आले, तांब्यावरचं झाकणही उचलून दुरडीत टाकलं आणि दुरडी तिच्यापुढे ठेवली.

ऋतुजानं मोजल्या. पुन्हा मोजल्या. तेरा होत्या.

“आप्पा, एकच पायजे होती.”

“ह्या समद्या तसल्याच. एकीला बी पाखरं भीत न्हाईत. मी सोता धा धा दिस बघितलंय, मगच काडल्यात.”

ऋतुजाला दुरुस्तीवाला आठवला. तो शेजारी होता तेवढा एकच दिवस यंत्र खरं बोललं होतं. एरवी यंत्राला सगळंच चकचकीत दिसत होतं. तिनं एक तबकडी पदराला पुसावी तशी ओढणीला पुसली आणि छातीशी धरली. तेरा तबकड्या. भट्टीतून निघून, उन्हात टांगून, राखेनं घासून तेरांमध्ये आप्पांची हाळी शाबूत होती. हा योगायोग नव्हता. तिला हुंदकाच फुटला.

सिद्धाप्पा कावरेबावरे झाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि रानाकडे बोट दाखवलं.

“रडतीस कशाला गं? तेराच तर बिघडल्यात. बाकीच्या सत्तावीस एक नंबर हायत की!”