चेंबरचं पॅकिंग

"परत गळून राह्यलं, उस्ताद!" हेमराज ट्रकखालून ओरडला.

हेमराजच्या अंगणात बाजेवर बसलेल्या मुश्ताक मिस्त्रीचं डोकं सणकलं. सकाळपासूनची ही दुसरी खेप. इंजिनाच्या पोटाखालचं तेलाचं चेंबर उतरवायचं, काठ पुसायचा, कॉर्कच्या शीटमधून नवं पॅकिंग कापून मध्ये बसवायचं, बोल्ट आवळायचे. एवढंसं तर काम. पण हा भला माणूस बोल्ट असे आवळायचा की पॅकिंग चेपून बाहेर यायचं, आणि इंजिन सुरू केलं की टप टप टप.

"अरे, तो काय चाकाचा नट हाये? किती जोर लावतं बे!"

"हात राह्यत नाई ना, उस्ताद."

मुश्ताकला मनापासून वाईट वाटलं. हेमराज त्याच्याच हाताखाली सहा वर्षं शिकला होता. घुग्घुसमध्ये मुश्ताकच्या चेल्याचं काम म्हटलं की कोळशाच्या गाड्यांचे मालक डोळे झाकून गाडी सोपवायचे. आणि हा सगळं विसरून बसला! शिकवलेलं पाण्यात गेलं म्हणायचं. इकडे उस्तादाची ही गत. लकव्यानं उजवा हात गेला आणि सात महिन्यांपासून दुकान बंद. उद्या त्याचा मुलगा अकरम दुकानातली सगळी अवजारं नागपूरच्या एका गॅरेजवाल्याला देऊन टाकणार होता. मुश्ताकच म्हणाला होता, ने बाबा, माझ्या डोळ्यांसमोर नको. तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. आज हेमराज घरी येऊन हटून बसला, "तुम्ही नुसतं बसून सांगा," म्हणाला, म्हणून तो आला. नाहीतर इतक्या महिन्यांत त्यानं कुणाचा उंबरा ओलांडला नव्हता.

हेमराजनं तिसरं पॅकिंग कापलं. चेंबर वर चढवलं, पुढचे दोन बोल्ट अडकवले आणि हातभर लांब दांड्याचा पाना काढला. एवढा दांडा, आणि चेंबरच्या बोल्टला! आता मात्र हद्द झाली.

"निघ बाहेर!" मुश्ताक बाजेवरून उठलाच. "निघ म्हणतो ना!"

"मी करतो ना, उस्ताद. तुम्ही काऊन..."

"तू केलं तेवढं लय झालं. पाठीखाले बोरा टाक इथी."

हेमराज आधार द्यायला पुढं झाला. "मले हात नको लावू," मुश्ताक डाफरला. कोपरावर रेटा देत, घसटत, हेमराजच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तो गाडीखाली गेला.

लहान पाना त्यानं डाव्या हातात घेतला. आधी सगळे बोल्ट नुसत्या बोटांनी लावायचे. एक इकडचा, एक समोरचा. मग पान्यानं मधून कडेकडे, थोडं थोडं, फेरी धरून. डाव्या हातात जोर तो कितीसा, पण ह्या कामाला जोर लागतोच कुठं? मागचे बोल्ट लावायचे होते, तिकडून चेंबर झुकलं आणि तेवढ्यातच थांबलं. कुणी धरलं म्हणून त्यानं मान वळवली. त्याचाच उजवा हात होता. बोटं अजून वळत नव्हती, पण तळव्यानं भार पेलला होता.

मुश्ताक तसाच उताणा पडून राहिला. डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात गेलं. "या अल्ला, तेरा लाख लाख शुक्र है," तो पुटपुटला. मग नाक ओढून उरलेले बोल्ट लावायला घेतले.

तेल भरलं. इंजिन धडधडायला लागलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. खाली अंथरलेला पेपर कोरडा ठणठणीत. मुश्ताक बाजेवर बसून त्या पेपराकडे बघत होता आणि त्याच्या काळवंडलेल्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

हेमराजची बायको जया चहा घेऊन आली. "झालं काय, चाचा? बरं झालं बाई! मी तर ह्यायले कालच इचारलं, अवं, मागच्याच महिन्यात तुम्ही नवं पॅकिंग टाकलं, एक थेंब गळत नाई, मंग चांगली गाडी काऊन खोलून राह्यले? तर म्हणतेत, तुले नाई समजत."

हेमराज घाईघाईनं पाना पुसायला लागला. तो पाना त्यानं आत्ताच पुसून ठेवला होता.

मुश्ताकनं आधी त्याच्याकडे, मग त्या पुसलेल्या पान्याकडे पाहिलं. चहा संपवला, कप खाली ठेवला.

"हेमराज, उद्या अकरम यायच्या आधी दुकानावर ये. एका हातानं शटर नाई उचलत मले."