हा पत्ता वापरात आहे

सुट्टीच्या दिवशी रिकाम्या ऑफिसात मी एकटाच नेटवर्कचा नवा स्विच बसवत होतो. त्याला आयपी पत्ता दिला, तर स्क्रीनवर आलं: हा पत्ता वापरात आहे.

एकच पत्ता दोघांनी घेतला, तर जो आधी पोचतो त्यालाच नेटवर्क मानतं. तो दुसरा कोण, ते शोधायला मी एकेक वायर काढत गेलो. तेवीस काढल्या. उरली फक्त माझ्या लॅपटॉपची.

तरी पत्ता वापरातच.

दुसरा दिला. तोही वापरात. तिसराही. माझ्या आधी कुणीतरी तिथं जाऊन बसत होतं.

कुणाचा तरी आवाज ऐकावासा वाटला. टेबलावरच्या फोनवरून ताईला फोन लावला. तीन वर्षं तिच्याकडे गेलो नव्हतो. दर वेळी "कामावर आहे गं" म्हणून टाळलं होतं.

"ताई, मी बोलतोय."

"मी म्हणजे कोण?"

"अगं, तुझा भाऊ."

ती हसली. "काहीतरीच काय! भाऊ इथं माझ्यासमोर जेवतोय. तीन वर्षांनी आलाय."

मागून माझाच आवाज आला, "कोण आहे गं?"

"कुणी नाही रे," ती म्हणाली, "तू जेव."